लोणपाणीच्या बोटीतली मागची खोली

पोलीस चौकी लोणपाणी, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव
दिनांक १८/०९/२०२५, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

नाव लोटन जीवराम सपकाळे, वय ५४ वर्षे, धंदा मासेमारी व मजुरी, शिक्षण चौथी, राहणार लोणपाणी पुनर्वसन, गल्ली नंबर दोन.

मी स्वतःच्या पायाने चौकीत आलो आहे, मला कोणी शिकवून पाठवलेलं नाही, आणि हवालदार ईश्वर पाडवी यांच्यासमोर बसून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी सुमनबाई हिच्यासह राहतो. जुनं लोणपाणी गाव अठ्ठावीस वर्षांपूर्वी धरणात गेलं. तेव्हापासून मी त्याच धरणात मासेमारी करतो. पाण्यात कोणी बुडालं तर काढायला मला बोलावतात. आजपर्यंत मी चौदा माणसं, दोन बैल आणि एक मोटारसायकल काढली आहे. त्यातल्या नऊ वेळा याच चौकीतून मला बोलावणं आलं होतं. नऊपैकी एकदाही मला लेखी परवानगी कोणी विचारली नाही. या वेळी विचारली, म्हणून हा जबाब.

माझ्यावर तक्रार अशी आहे की, मी आज सकाळी बुडालेल्या बोटीत विनापरवाना शिरलो व मागच्या खोलीच्या दाराची कडी तोडली. शिरलो हे खरं आहे. कडी तुटली हेही खरं आहे. बाकीचं क्रमाने सांगतो.

सदर बोट लोणपाणी जलविहार समितीची आहे. समितीचे सचिव हितेंद्र भंगाळे साहेब यांनी ती जून महिन्यात बाहेरगावाहून ट्रेलरवर आणली. बोट पूर्ण लोखंडी. आत दोनच खोल्या, पुढे खुर्च्यांचा हॉल आणि मागे सामानाची लहान खोली. सामान चढवायला मी मजुरीवर होतो. खुर्च्या चाळीस, त्या मी स्वतः मोजून चढवल्या. बुडू नये म्हणून घालायची जॅकेटं साठ, प्रत्येक जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत. ती मागच्या खोलीत रचली. उद्घाटन २१ सप्टेंबरला ठरलं होतं. साहेबांची सक्त ताकीद होती की तोवर पिशवी फाडायची नाही, खुर्चीवर बसायचं नाही आणि नव्या गालिच्यावर चप्पल घालून चढायचं नाही.

बोटीच्या तळाला पहिल्या आठवड्यापासून पाणी झिरपत होतं. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "नवीन आहे लोटन, थोडी मुरू दे." लोणचं मुरतं हे मला माहीत आहे, लोखंड मुरतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढे झिरपणारं पाणी रात्रीतून तीनदा हातपंपाने उपसायला गिरधर सैंदाणे याला ठेवण्यात आलं. गिरधर माझ्याच गल्लीतला, वय ४७. त्याला तोंडी ठेवलं. कागद नाही, हजेरीपट नाही. तो संध्याकाळी सातला कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून जायचा आणि सकाळी सहाला परत यायचा. चप्पल धक्क्याच्या पायरीवर काढायचा, गालिच्यासाठी. झोपायचा मागच्या खोलीत, कारण पंप तिथे होता आणि हॉलमध्ये बसायला मनाई होती.

दि. १२ रोजी रात्री वादळी वारा झाला. दि. १३ रोजी सकाळी बोट धक्क्याला नव्हती. बांधलेले दोर तुटून लोंबत होते. साधारण दीडशे पावलांवर पाण्यातून बुडबुडे येत होते आणि वर डिझेलचा तवंग होता. गिरधरची चप्पल पायरीवर होती.

गिरधरची पत्नी तानुबाई सकाळी सात वाजता धक्क्यावर आली. भंगाळे साहेब आठला आले. त्यांनी सर्वांसमोर सांगितलं की बोट रिकामी होती. तसं पत्रही त्यांनी त्याच दिवशी वर पाठवलं. पत्र मी वाचलेलं नाही, पण साहेबांनी ते धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे मला पाठ झालं आहे. सदर बोटीचं उद्घाटन झालेलं नसल्यामुळे तीत कोणी असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असं त्यात होतं. चपलेबद्दल विचारलं तर म्हणाले, तो कामाच्या शोधात सुरतेकडे निघून गेला असावा.

तानुबाई म्हणाली, "साहेब, सूरतले कोनी अनवानी जास का?"

मग मी विचारलं की, बोटीत कोणी नव्हतं तर तीन महिने पाणी कोण उपसत होतं. साहेब म्हणाले, नवीन बोटीत पाणी येतच नाही. मी म्हटलं, मग बुडाली कशाने? तेवढ्यात साहेबांना फोन आला. फोनची रिंग मला ऐकू आली नाही, पण साहेब बोलत बोलत गाडीत जाऊन बसले.

मोकळ्या पाण्यात बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत वर येतो. मी १५ आणि १६ ला सकाळी होडीने धरणाचा काठ न् काठ फिरलो. गिरधर आला नाही. याचा अर्थ त्याच्या डोक्यावर छप्पर होतं, आणि त्या धरणात छप्पर एकाच वस्तूला होतं. हे मी साहेबांना सांगितलं व हवालदार पाडवी यांनाही सांगितलं होतं. हवालदार म्हणतात, हे वाक्य लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

चार दिवस तानुबाई धक्क्यावरून हलली नाही. माझी पत्नी तिला तिथेच जेवण नेऊन द्यायची. तानुबाईचं मागणं एकच होतं आणि ते ती येईल त्याला सांगायची. "मना घरवाला पयी गया नही. तो कामवर व्हता. तेवढं कोनी लिखी द्या." लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. ती रडत नव्हती, त्याचाही साहेबांनी उलटा अर्थ काढला. म्हणाले, बाईला माहीत आहे नवरा कुठे आहे ते. मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

दि. १६ रोजी बाहेरून चार पाणबुड्यांचं शोध पथक आलं. प्रमुख हेमराज निकम. त्यांच्याकडे पाठीवर हवेच्या टाक्या, काळे पोशाख आणि मनगटावर घड्याळासारखं होकायंत्र होतं. समितीने त्यांना आधी भरीत-पुरी खाऊ घातली, त्यानंतर माझ्या होडीतून बोटीच्या जागेवर न्यायला सांगितलं.

आमच्या धरणात या दिवसांत सातपुड्याची लाल माती उतरते. पाण्यात स्वतःचा हात नाकाला लागेपर्यंत दिसत नाही. बॅटरी लावली तर लाल भिंत दिसते, इतकंच. मी निकम साहेबांना म्हटलं, "दोर लावा, आणि एक हात बोटीच्या भिंतीवरून काढू नका. डोळे मिटले तरी चालतील." त्यांच्याकडे दोराची रीळ होती आणि ती त्यांनी हातात घेतलीही होती. पण काठावर समितीचा माणूस चित्रीकरण करत होता. भंगाळे साहेब म्हणाले, "अहो, होकायंत्र असताना दोर कशाला? ते गावठी दिसतं." रीळ काठावर राहिली. निकम साहेबांनी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

पथकाने १६ च्या दुपारी व १७ ला दिवसभर शोध घेतला. १७ ला संध्याकाळी पाच वाजता अहवाल झाला. त्यात लिहिलं की बोटीत दोन मोठे हॉल असून प्रत्येकात चाळीस, अशा एकूण ऐंशी खुर्च्या आहेत, आणि दोन्ही हॉल रिकामे आहेत.

मी म्हटलं, बोटीत हॉल एकच आहे आणि खुर्च्या चाळीस आहेत, मी चढवल्या आहेत. साहेब म्हणाले, "अहवालावर चौघांच्या सह्या आहेत लोटन. तू एकटा." मी म्हटलं, मागच्या लहान खोलीचं अहवालात काहीच नाही. साहेब म्हणाले, ज्याअर्थी अहवालात नाही, त्याअर्थी ती नसेल.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी निकम साहेब माझ्या घरी चहाला आले. मी त्यांना अंगणातल्या लोखंडी खाटेवर बसवलं. त्यांनी मनगटावरचं होकायंत्र मला दाखवायला हात खाटेजवळ नेला. काटा फिरला. हात उचलला, काटा परत आला. त्यांनी असं चार वेळा केलं. चहा गार झाला. मग म्हणाले, "काका, बोट लोखंडी आहे. आत काटा खोटं दाखवत होता. आम्ही मागे गेलो असं समजून त्याच हॉलमध्ये दोनदा शिरलो." मी म्हटलं, मग तसं साहेबांना सांगा. ते म्हणाले, सांगितलं. पण अहवाल वर गेला, आणि वरून आभाराचा मेसेजही आला. आता साहेब म्हणतात की दुरुस्ती केली तर आभार परत करावे लागतील.

मी सुमनबाईला सकाळी वल्ही घ्यायला सांगितलं.

दि. १८ रोजी, म्हणजे आज, सकाळी साडेसहा वाजता मी, सुमनबाई आणि तानुबाई असे तिघे माझ्या होडीतून निघालो. परवानगी घेतली नाही. समितीचं कार्यालय साडेदहाला उघडतं.

आमच्या घरात बुडीची एक रीत आहे, ती माझ्या वडिलांनी घातली. माझ्या कमरेला दोर असतो. त्याला दर वावेला एक गाठ असते. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप. दोराचं दुसरं टोक हरवलेल्या माणसाच्या घरचं कोणीतरी धरतं. परका माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा हात अवघडतो, त्याला तंबाखू आठवते, कोणी हाक मारली की तो मागे बघतो. घरचं माणूस बघत नाही. म्हणून दोर तानुबाईने धरला. मी तिला सांगितलं, एक झटका दिला तर दोर ढिला सोड, दोन दिले तर थांब, तीन दिले तर ओढ. एवढ्या तीनच खुणा सांगितल्या. सापडल्याची खूण मी सांगितली नाही. ती कोणाला सांगायची माझी कधी हिंमत झालेली नाही.

ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही जा. मी दोर सोडसु नही."

पहिल्या बुडीला मी दगड धरून खाली गेलो. साडेपाच वाव पाणी. पायाला बांध लागला. तो आमच्या बुडालेल्या शेताचा बांध आहे, पूर्व-पश्चिम, मी लहानपणी त्यावर बसून तूर राखली आहे. बांध सापडला की मला तिथे दिशा विचारावी लागत नाही. बांधाने मावळतीकडे नऊ हातांवर बोटीचं नाक आहे. ते डाव्या बाजूला कललेलं आहे.

दुसऱ्या बुडीला डावा हात बोटीच्या भिंतीला लावून हॉलच्या दारातून आत गेलो. खुर्च्यांच्या रांगा हाताने मोजल्या. चार-चारच्या दहा. दहावी संपली की भिंत लागली आणि भिंतीत दार. श्वास संपत आला म्हणून परत फिरलो. खुर्च्यांचं प्लास्टिक अजून शाबूत आहे, हे समितीच्या माहितीसाठी सांगतो.

तिसऱ्या बुडीला दार ढकललं. आतून काहीतरी दाबत होतं. खांद्याने रेटलं, तेव्हा आतली कडी तुटली. तिचा आवाज पाण्यातही आला. आत डोकं वर केलं तर छताला जॅकेटांच्या पिशव्या चिकटून तरंगत होत्या. पुन्हा वर आलो.

चौथ्या बुडीला पिशव्या बाजूला करत पंपापर्यंत गेलो. पंपाचा दांडा वर उचललेला होता. गिरधर त्याच्या शेजारी होता. त्याला मी दाढीवरून ओळखलं. त्याच्या अंगात जॅकेट नव्हतं. छतालगतच्या पिशव्या मी चाचपून पाहिल्या, जेवढ्या हाताला लागल्या त्यातली एकही फाडलेली नव्हती. त्याला फाडू नको म्हणून सांगितलं होतं. गिरधर माझ्याहून सात वर्षांनी लहान होता, त्याला पोहायला मीच शिकवलं, आणि त्या क्षणी मला त्याचा फार राग आला की एवढं कशाला ऐकलं. मी दोराची गाठ सोडली, ती त्याच्या काखेतून घेऊन बांधली आणि वर आलो.

मी होडीची कड धरली. तानुबाई म्हणाली, "दोर जड व्हयी गया भाऊ. सापडी गया."

पाचव्या बुडीला त्याला बाहेर काढलं. दारातून एकट्याने काढणं शक्य नव्हतं, असं हवालदारांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. आत पायांकडून कोणीतरी धरलं होतं. कोण होतं ते मला दिसलं नाही, पाणी गढूळ होतं. निकम साहेब त्या वेळी धक्क्यावर होते की नव्हते हे मला सांगता येणार नाही. नंतर त्यांचे केस ओले दिसले. सकाळची आंघोळ झाली असेल. त्यांना नोकरी आहे, त्यांनी काय केलं ते त्यांचं ते सांगतील. मी विचारणार नाही.

आम्ही होडीच्या कडेने गिरधरला आणत असताना सव्वाआठ वाजता भंगाळे साहेब धक्क्यावर आले. तानुबाईने दोर तोवर सोडलेला नव्हता. तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. साहेब तिला म्हणाले, बाई, दोर सोडा, बाजूला व्हा, पंचनामा व्हायचा आहे. ती म्हणाली, "मना हात मोकळा नही साहेब." ती काठाला लागेपर्यंत तशीच बसून राहिली. गिरधरला चादरीवर घेतल्यावर तिने दोर खाली ठेवला आणि मग रडली. सुमनबाईही रडली. मी रडलो नाही असं लिहू नका.

त्यानंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "लोटन, झालं ते वाईट झालं. पण बोट रिकामी असल्याचा अहवाल गेला आहे. तू जबाबात एवढंच सांग की तो बोटीलगत पाण्यात मिळाला. मग तुझ्यावरची तक्रारही मी मागे घेतो. तुला काय फरक पडतो? पाणी तेच, बोट तीच."

मी म्हटलं, फरक पडत नसेल तर बोटीत लिहा.

साहेब म्हणाले, तू समजूतदार माणूस आहेस. मी म्हटलं, साहेब, गेल्या पाच दिवसांत इथे एवढे समजूतदार झाले की माणूस पाण्यात राहिला. हे मी आवाज चढवून म्हटलं, हे कबूल करतो. त्यांच्या अंगावर गेलो असं साहेब म्हणतात, ते खोटं आहे. माझ्या अंगात तेव्हा उभं राहण्याचीही ताकद नव्हती, मी पायरीवर बसून बोललो.

बोट सरकारी आहे की समितीची, तिचा मालक कोण, कडीची भरपाई कोणी मागायची, हे मला समजत नाही. कडी तुटली, ती माझ्या खांद्याने. दुसरी कडी कोणी मागितली तर आणून देईन, पण ती बसवायला खाली कोण जाणार ते त्यांनी आधी ठरवावं.

इथवर लिहून झाल्यावर हवालदार पाडवी यांनी मला जबाब वाचून दाखवला. त्यात गिरधरबद्दलचं वाक्य असं होतं: "सदर इसमाचे प्रेत बोटीलगत पाण्यात मिळून आले." मी म्हटलं, मी असं बोललेलो नाही. हवालदार म्हणाले, तुम्ही बोलत होता तेव्हा फोन आला होता. मी म्हटलं, फोन तुम्हाला आला, जबाब माझा आहे. हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बाकावर तानुबाई हातांना हळदीची फडकी बांधून बसली होती. मी म्हटलं, त्या बाईला आत बोलवा आणि तिच्या समोर हे वाक्य वाचा. मग मी सही करतो.

त्यावर हवालदारांनी ते वाक्य स्वतः खोडलं. त्या जागी लिहिलं: "गिरधर सैंदाणे हा बोटीत, मागच्या खोलीत, पंपाजवळ, कामावर असताना मरण पावलेला मिळून आला." खोडलेल्या जागी मी सही केली, त्यांनीही केली. मग तानुबाईला आत बोलावून ते वाक्य वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आखो एकदाव वाचा."

हवालदारांनी पुन्हा वाचलं. या वेळी ते उभे राहून वाचत होते.

हा जबाब मला एकदा वाचून दाखवला आणि ते एक वाक्य तानुबाईला दोनदा. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तिनेही बरोबर आहे म्हणून सांगितलं.

(सही) लोटन जीवराम सपकाळे
समक्ष: (सही) ईश्वर पाडवी, पोलीस हवालदार